जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा: शीव, धुरा, पाणंद यांचं हिंदी मसुद्यात काय करायचं?

सांवेर_रोड

नमस्कार मंडळी. सांवेर तहसिलीतल्या शेताची भावाभावांत वाटणी रजिस्टर करायची आहे. मूळ खरेदीखत होळकरशाहीतलं, 1938 सालचं, मोडीत. त्याचं देवनागरीत लिप्यंतर करून घेतलंय. चतुःसीमेचा (चारी बाजूंच्या हद्दींचा) भाग असा:

«पूर्वेस शीव, पश्चिमेस धुरा, दक्षिणेस पाणंद, उत्तरेस ओहोळ. येणेप्रमाणे हद्दमहदूद चतुःसीमापूर्वक बिघे 5.»

दस्तऐवज लिहिणाऱ्यांनी याचा हिंदी मसुदा केला तो असा: पूर्व में मेड़, पश्चिम में मेड़, दक्षिण में नाला, उत्तर में नाला. विचारलं तर म्हणाले, पाणंद म्हणजे पाण्याचंच काहीतरी असणार. जागेवर दक्षिणेला आज ना नाला आहे ना रस्ता, शेजाऱ्याचं सोयाबीन थेट आमच्या मेडेपर्यंत (बांधापर्यंत) येतं. आणि खसऱ्यात (गावच्या जमीन-नोंदीत) क्षेत्र 1.190 हेक्टर दिसतं.

शीव आणि धुरा दोन्हींना मेड म्हणून चालेल का? पाणंद म्हणजे नक्की काय? 5 बिघ्यांचे 1.190 हेक्टर बरोबर बसतात का? आणि हे सगळं सीमांकनाच्या (हद्दीच्या सरकारी मोजणीच्या) आधी निस्तरायचं की मसुदा असाच रजिस्टर करून मग बघायचं?

मोडी_आणि_मिसल

मसुदा असाच रजिस्टर करू नका. चारपैकी दोन दिशा चुकल्या आहेत, आणि त्यातली एक चूक महागात पडणारी आहे.

पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांच्या कुंपणांमधून जाणारी वाट. गुरं आणि बैलगाडी जाईल इतकी रुंद. पाण्याशी तिचा संबंध नाही, पावसाळ्यात तीतून पाणी वाहतं एवढाच. महाराष्ट्रात आजही सरकारी कागदांत «पाणंद रस्ता» असंच लिहितात. तुमच्या कागदात ओहोळ वेगळा आणि पाणंद वेगळी लिहिली आहे, म्हणजे लिहिणाऱ्या कारकुनाला फरक चांगला माहीत होता. दक्षिणेला «नाला» लिहून दस्त रजिस्टर झाला की तुमच्याच सहीने तुम्ही कबूल केलंत की तिथे रस्ता नव्हता. पुढे वाटेचा हक्क मागायला गेलात तर समोरचा वकील पहिला हाच कागद पुढे करेल.

शीव म्हणजे गावाची हद्द. शिवार हा शब्द त्यातूनच आला, शिवेच्या आतली ती सगळी जमीन. दसऱ्याचं शिलंगण म्हणजे सीमोल्लंघन, तेही हेच. तेव्हा पूर्वेला तुमचं शेत संपतं तिथे गावही संपतं, पलीकडचा खसरा (शेताचा नंबर) दुसऱ्या गावाच्या नकाशावर आणि बहुधा दुसऱ्या पटवाऱ्याच्या हलक्यात (हद्दीत) असणार. त्याला मेड म्हणणं म्हणजे ही गोष्ट पुसून टाकणं. हिंदीत सरळ «ग्राम अमुक की सीमा» लिहायचं आणि पलीकडच्या गावाचं नाव घालायचं. पूर्वी शिवेच्या भांडणात गावच्या महाराची साक्ष मोलाची मानत, कारण शीव कुठून कशी जाते ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच तोंडी असायचं. आता ते काम नकाशाचं, पण दोन गावांचे नकाशे वेगवेगळे काढलेले असल्यामुळे शिवेवर ते एकमेकांना चपखल बसतातच असं नाही. कुठे मधे फट राहते, कुठे एकावर एक चढतात.

धुरा मात्र मेडच. दोन शेतांमधली न नांगरलेली पट्टी. विदर्भ-मराठवाड्यात धुरा, देशावर बांध, कोकणात मेर, गुजरातेत शेढो. इथे फक्त एक पाहा: मेड कोणाची ते लिहिलं आहे का? नुसतं «पश्चिम में मेड़» म्हटलं तर मेड तुमच्यात धरायची की बाहेर, हे कोणी सांगू शकत नाही. साझी असेल तर «साझी मेड़, मध्य तक» असं लिहा. महाराष्ट्राच्या नियमांत या पट्टीची रुंदीसुद्धा ठरलेली आहे, कोरडवाहूला 0.46 मीटर, भातजमिनीला 0.23 मीटर. ते आकडे इथे लागू नाहीत, पण पट्टी किती अरुंद धरलेली असते याचा अंदाज येतो. पाच फुटांची मेड दिसली तर तिच्यात कोणाची तरी जमीन आहे.

लिप्यंतराबद्दलही एक. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळत नाहीत आणि शब्द सलग लिहितात. नावं आणि आकडे मूळ कागदावरून पुन्हा ताडून घ्या. विशेषतः बिघ्यानंतर «बिस्वा» आहे की «पांड». दोन्ही बिघ्याचे विसावे भाग, पण पांड हे दख्खनी मापातलं (20 काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा) आणि तो बिघा इथल्या बिघ्यापेक्षा वेगळा. पांड निघाला तर हेक्टरचा हिशोब बदलेल.

जरीब_गुनिया

वरच्या उत्तराशी सहमत. क्षेत्राचं मी बघतो.

165 फूट गुणिले 165 फूट असा बिघा धरला (27,225 चौरस फूट, म्हणजे एकराचे पाच अष्टमांश) तर तो 0.253 हेक्टर होतो. पाच बिघे म्हणजे 1.265 हेक्टर. खसऱ्यात 1.190. फरक 0.075 हेक्टर, म्हणजे 750 चौरस मीटर.

आता हा आकडा कुठे गेला? शेताची दक्षिणेची बाजू किती लांब आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. समजा 150 मीटर आहे. 750 भागिले 150 म्हणजे 5 मीटर रुंदीची पट्टी. गाडवाटेला बरोब्बर बसते! एखाद्या बंदोबस्तात (सरकारी जमीन-मोजणी आणि सारा ठरवण्याच्या वेळी) पाणंदीला वेगळा शासकीय खसरा नंबर देऊन तुमच्या क्षेत्रातून वजा केली असेल तर हिशोब जुळला. मग वाट कागदावर जिवंत आहे आणि जागेवर शेजाऱ्याच्या सोयाबीनखाली आहे.

पण लगेच खूश होऊ नका. गावाचा नकाशा साधारण 1:4000 चा असतो. जुने 16 इंच म्हणजे एक मैल असे असतात, ते जवळपास तेवढेच, 1:3960. कागदावरचा 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 4 मीटर. तुमची 150 मीटरची बाजू कागदावर पावणेचार सेंटिमीटर. नकाशा उतरवताना तिच्यावरची रेघ सव्वा मिलिमीटर सरकली की तेच 750 चौरस मीटर गायब. शिवाय जुना नकाशा आकसतो. लांबीत 1 टक्का आकसला तर क्षेत्रात 2 टक्के, तुमच्या शेताला 250 चौरस मीटर. म्हणजे पाणंदही नाही, कारस्थानही नाही, नुसती पेन्सिल असंही होऊ शकतं.

दोन्हीतलं खरं कोणतं ते घरबसल्या ठरत नाही, पण सोपं आहे. तहसीलच्या अभिलेखागारातून बंदोबस्ताच्या नकाशाची प्रमाणित प्रत आणि त्या वेळच्या खसऱ्याची नक्कल काढा. नकाशावर दक्षिणेला जोडरेघ आहे का, तिच्यात नंबर आहे का, त्या नंबरापुढे खसऱ्यात «रास्ता» लिहिलंय का. असेल तर मोडी_आणि_मिसल म्हणतात ते खरं. एकच रेघ असेल तर प्रश्न मापाचा.

आणखी एक, मेड ही खूण आहे, हद्द नाही. मेड दरवर्षी दोन बोटं कोरली तरी हद्द नकाशावर जिथे आहे तिथेच राहते. म्हणून सीमांकन मेडेपासून सुरू करत नाहीत, चांद्यापासून करतात. चांदा म्हणजे बंदोबस्ताच्या वेळी रोवलेला पक्का दगड, ज्याची जागा नकाशावर दाखवलेली असते. त्यावरून जरीब टाकत (मोजणीची साखळी, जुनी 66 फुटी, 100 कड्यांची, आता 20 मीटरची) तुमच्या कोपऱ्यापर्यंत यायचं. नकाशावरची लांबी गुनियाने (नकाशा मोजायच्या पट्टीने) मोजायची, जमिनीवर जरिबेने, दोन्ही जुळले की खुंटी.

कुठे चुकतं ते ऐका. चांदा मिळत नाही, म्हणून विहिरीचा कोपरा नाहीतर एखादं जुनं झाड «पक्कं» धरून मोजणी करतात. ते नकाशावर मुळात कुठे होतं हेच ठरलेलं नसतं, त्यामुळे पुढची सगळी मापं त्या एका गृहीतकावर उभी राहतात. जरीब वापरून लांबलेली असते, 20 मीटरला 2 सेंटिमीटर वाढली तर 200 मीटरला 20 सेंटिमीटर. उतारावर साखळी जमिनीलगत टाकतात, ती आडवी ताणून धरत नाहीत, म्हणून अंतर खऱ्यापेक्षा जास्त भरतं. टोटल स्टेशन किंवा रोव्हर (मोजणीची मशीनं) आणला की या तीनपैकी शेवटच्या दोन चुका जातात. पहिली जात नाही. मशीन सेंटिमीटरपर्यंत अचूक असलं तरी ते ज्या दगडावरून निघालं तोच चुकीचा असेल तर चूकही सेंटिमीटरपर्यंत अचूक येते.

म्हणून एका चांद्यावर विसंबू नका. निदान दोन, जमल्यास तीन चांदे शोधायला लावा आणि आधी त्यांचं आपसातलं अंतर नकाशाशी जुळतंय का ते पाहायला सांगा. जुळलं तरच पुढे. हा अर्धा तास वाचवला की पुढे दहा वर्षं तारखा.

नवा_सुदामानगर

मधेच घुसतो, माफ करा. चतुःसीमा शहरातल्या प्लॉटलाही अशीच बघायची का? 30×50 चा प्लॉट घ्यायचाय, दोन दस्तांत पूर्व-पश्चिम उलटसुलट आहे.

मोडी_आणि_मिसल

@नवा_सुदामानगर, कॉलनीचा प्लॉट बहुतेक वेळा दिशांना तिरका असतो, मग एक जण रस्त्याकडची बाजू पूर्व म्हणतो आणि दुसरा उत्तर. मोबाइलचं होकायंत्र गाडीजवळ किंवा सळयांच्या ढिगाजवळ चुकतंच. मंजूर ले-आउटवरचा उत्तरेचा बाण धरा आणि तीच दिशा सगळ्या कागदांत ठेवा. जुना दस्त चुकला असेल तर नव्यात गुपचूप बदलू नका, «पूर्व विक्रय-पत्र में त्रुटिवश पश्चिम लिखा गया» असं स्पष्ट लिहा, नाहीतर दस्तांची साखळी तुटल्यासारखी दिसते. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 21 प्रमाणे शहरातलं घर कोणत्या रस्त्यावर, त्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला, हे वर्णनात यावंच लागतं. तेव्हा रस्ता आधी, बाकी तीन बाजू मग.

आणि फक्त चार बाजू मोजू नका, दोन्ही कर्ण मोजा. 30×50 काटकोनात असेल तर कर्ण 58 फूट पावणेचार इंच यायला हवा, दोन्हीकडे सारखा. चारही बाजू बरोबर आणि एक कर्ण 57, दुसरा साडेएकोणसाठ असेल तर प्लॉट तिरपा आहे, क्षेत्र 1500 पेक्षा कमी भरेल, आणि कॉलम काटकोनात घेतले की एक कोपरा शेजाऱ्यात जाईल.

जुन्या इंदुरातलं, राजवाड्याच्या आसपासचं घर असेल तर मात्र वेगळंच प्रकरण. तिथे «सामाईक भिंत» आणि «पागोळीची जागा» (छपराचं पाणी पडतं ती) हे शब्द शोधा. दोन फुटी मातीची सामाईक भिंत पाडून 9 इंची विटांची घातली की 15 इंच मोकळे होतात, आणि ते निम्मेनिम्मे आहेत हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

तहसील_कट्टा

@सांवेर_रोड, आधी की नंतर याचं उत्तर: सीमांकन आधी, दस्त नंतर. वाटणीच्या दस्तात जी मापं येतील ती सीमांकनातून आलेली हवीत.

अर्ज तहसीलदाराकडे, मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता 1959 च्या कलम 129 खाली. लोकसेवा केंद्रातून करता येतो. राजस्व निरीक्षक मोजणी करतो, लगतच्या सगळ्या भूमिस्वामींना (जमीनमालकांना) सूचना जाते. इथे तुमची खास अडचण आहे. पूर्वेला शीव आहे, तेव्हा पलीकडच्या गावचा शेजारीही «लगतचा» आहे. अर्जात फक्त आपल्या गावचे खसरे लिहिले की त्याला नोटीस जात नाही, आणि मग तो एकटा सगळं सीमांकन उलटवू शकतो. पलीकडच्या गावचा नकाशाही मागवावा अशी विनंती अर्जातच घाला. नाल्याचा आणि रस्त्याचा शासकीय नंबरही लगतच्या यादीत द्या.

वेळ बघून अर्ज करा. गहू-हरभरा निघाल्यावर, पाऊस लागायच्या आत. सोयाबीन उभं असताना ना चांदा दिसतो ना जरीब सरळ पडते, आणि पिकात पाय घातला म्हणून वेगळं भांडण. जागेवर पंचनामा होतो. तो वाचल्याशिवाय सही नको. कोणत्या चांद्यापासून मोजलं आणि किती अंतर आलं हे आकड्यांत लिहिलेलं नसेल तर लिहायला लावा. «शांतीपूर्वक सीमांकन किया गया» एवढ्यावर पुढे काही सिद्ध होत नाही. निकाल पटला नाही तर 2018 च्या दुरुस्तीनंतर उपविभागीय अधिकाऱ्याकडे जाता येतं, तिथे पथकाकडून पुन्हा मोजणी होऊ शकते. शेजाऱ्याकडे तुमची जमीन निघाली तरी सीमांकनाने ताबा मिळत नाही, त्याला कलम 250 चा वेगळा अर्ज. लोक इथेच फसतात, खुंट्या मारल्या की झालं समजतात.

पाणंदीसाठी दोन कागद बघा. गावचा वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक. वाटेचे, पाणवठ्याचे, गुरांचे पूर्वापार हक्क त्यांत नोंदवतात. वाट तिथे असेल तर कलम 131 खाली तहसीलदार जागेवर चौकशी करून वाट मोकळी करायचा आदेश देऊ शकतो. शासकीय नंबर असेल तर काम आणखी सोपं, तेव्हा प्रश्न शेजाऱ्याचा आणि सरकारचा.

जरीब_गुनिया

खुंटी मारून झाल्यावरचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, उथळ दगड दोन-तीन वर्षांत कलंडतो. कोपऱ्यावर 3 फुटी दगड घ्या, 2 फूट जमिनीत. त्याच्या बुडाशी, दगड बसवायच्या आधी, टोपलीभर कोळसा आणि विटांचे तुकडे टाका. ही युक्ती फार जुनी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेच्या गुप्त खुणा म्हणून कोळसा, विटा, खापऱ्या, हाडं, वाळू जमिनीत पुरायला सांगितलंय. कारण साधं आहे, कोळसा कुजत नाही आणि नांगराला लागत नाही. वरचा दगड कोणी रातोरात हलवला तरी खणल्यावर काळा थर जागेवर सापडतो. पुरताना शेजारी हजर ठेवा आणि पंचनाम्यात ओळ घाला, नाहीतर पुढे तुम्हीच मागून पुरला म्हणतील. हद्दीची खूण हलवणं हा संहितेप्रमाणे दंडाचा गुन्हा आहे, पण दगड हलवला हे सिद्ध करायला त्याची मूळ जागा सांगता यायला हवी ना.

सांवेर_रोड

मंडळी, खूप आभार. मूळ कागद पुन्हा पाहिला, बिघ्यानंतर काहीच नाही, ना बिस्वा ना पांड, पूर्ण 5. दक्षिणेची बाजू 150 नाही, साधारण 125 मीटर आहे. आणि एक शंका: चतुःसीमा एक सांगते आणि हेक्टरचा आकडा दुसरंच, असं निघालं तर कोर्ट काय धरतं?

मोडी_आणि_मिसल

सर्वसाधारणपणे चतुःसीमा. सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या सुभागा विरुद्ध शोभा या प्रकरणात म्हटलंय की वर्णनात विसंगती असली तर एरवी चतुःसीमाच वरचढ धरावी. अर्थात चतुःसीमा स्वतः निःसंदिग्ध असेल तरच. «मेड, मेड, नाला, नाला» अशी असेल तर वरचढ धरायला तीत आहे काय? तसं शेत त्या तहसिलीत शंभर निघतील.

मसुदा असा करून घ्या, रिकाम्या जागी नंबर सीमांकनानंतर भरायचे:

«पूर्व में ग्राम ____ की सीमा, उससे लगा उस ग्राम का खसरा क्र. ____; पश्चिम में खसरा क्र. ____ के साथ साझी मेड़, मेड़ के मध्य तक. दक्षिण में आम बैलगाड़ी रास्ता, जिसे सन् 1938 के मूल विक्रय-पत्र में 'पाणंद' लिखा गया है, खसरा क्र. ____, उत्तर में नाला, खसरा क्र. ____, नाले के इस ओर के किनारे तक।»

शेजाऱ्याचं नाव घालायचं तर नंबराच्या सोबत, एकटं नाही. माणूस शेत विकतो, नंबर राहतो. ओहोळाला «किनारे तक» मुद्दाम लिहिलंय, कारण ओहोळ सरकतो आणि मधली रेघ धरली तर तुमची हद्दही त्याच्यासोबत फिरल्याचा वाद निघतो. दक्षिणेचा खसरा क्रमांक सापडलाच नाही तर नंबराची जागा गाळा, पण पाणंद शब्द गाळू नका.

जरीब_गुनिया

125 मीटरला 750 म्हणजे 6 मीटर. गाडवाटेला जरा सढळ आहे, पण दोन बाजूंची कुंपणं धरली तर बसतं. आता बंदोबस्ताचा नकाशा काढल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. प्रत घेताना स्केलपट्टीसकट घ्या, नुसता तुमच्या शेताचा तुकडा देतात तो नको. स्केलपट्टी मोजली की कागद किती आकसला ते कळतं.

तहसील_कट्टा

आणि वाटणी झाल्यावर नक्शा तरमीम (नकाशात दुरुस्ती) करून घ्यायला विसरू नका. खसऱ्यात 1 आणि 2 असे बटांक (पोटनंबर) पडतात, पण नकाशावर मधली रेघ ओढलीच जात नाही, असं सर्रास होतं. मग दोघा भावांच्या चतुःसीमेत «मधली मेड» नुसती दस्तात राहते आणि पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून कलम 129.

सांवेर_रोड

सोमवारी अभिलेखागारात नकलेचा अर्ज टाकतो. नकाशा आला की दक्षिणेची रेघ एक की दोन ते इथे टाकेन.

जरीब_गुनिया

फोटो स्केलपट्टीसकट टाका भिया.